बुडालेल्या चौकातला बाजार

नदी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूच्या पट्ट्यावर ती पेठ वसली होती, आणि समुद्राचा आपल्यावर डोळा आहे हे पेठेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आजोबांच्या काळात त्याने मिठागरं घेतली. वडिलांच्या काळात मासे वाळवणाऱ्यांची गल्ली घेतली. मग बाहेरचा तट ढासळला, तेव्हा लोकांनी त्याचेच दगड उचलून आतला तट उंच केला आणि दुसऱ्या दिवशी दुकानं उघडली. लोकर, लाकूड, लोखंड, काच, काय वाटेल ते तिथे मिळायचं. दूरदूरची गलबतं धक्क्याला लागायची आणि दर आठवड्याला चौकात बाजार भरायचा. चौकाच्या एका अंगाला दगडी काटाघर होतं, तिथे मोठ्या तराजूत माल तोलला जाई. समोर टेहळणीचा मनोरा होता. या दोहोंच्या मधल्या जागेवर एवढी गर्दी व्हायची की हरवलेलं माणूस बाजार उठल्यावरच सापडायचं.

दोरवालीचं घर धक्क्याच्या मागच्या गल्लीत होतं. खाली एक खोली, वर माळा, आणि मागच्या बाजूला दोर वळायची पडवी. ती एवढी लांब होती की एका टोकाला नवरा चाक फिरवत बसला की दुसऱ्या टोकावरून त्याचं तोंड दिसायचं नाही. दोरवाली कमरेला वाख, म्हणजे तागाचे मोकळे तंतू, गुंडाळायची आणि बोटांनी तो सोडत सोडत उलट पावली चालत जायची. पुढ्यात धागा लांबत जायचा. असे पुष्कळ धागे मिळून एक पेड, आणि तीन पेड उलट्या पिळाने एकत्र वळले की दोर. तिच्या आईनेही हेच केलं होतं. निम्मं आयुष्य आपण पाठमोऱ्या चाललो, असं ती हसत सांगायची.

नवऱ्याला गाव हळूबा म्हणायचं. त्याला घाई कशाचीच नसे, बोलायची तर मुळीच नाही. माळ्यावर धाकटा दीर आणि त्याची बायको राहायची. दीर दोरांना डांबर द्यायचा, त्यामुळे त्याच्या नखांतला काळेपणा कधी गेला नाही. धाकटी जाऊ धक्क्यावर दोर विकायची. ती गोड बोलायची आणि जोरात बोलायची. एक दोर घ्यायला आलेला तांडेल तिच्यापुढून दोन दोर आणि एक शिडी घेऊन परतायचा आणि गलबतावर गेल्यावर डोकं खाजवत बसायचा. चुलीपाशी सासूबाई असायच्या. त्यांचं सगळ्या घरावर लक्ष असायचं आणि सगळ्यांच्या बोलण्यावर मत असायचं.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत वादळ नसतानाही गल्लीत पाणी आलं. दीर म्हणाला, "पुरे झालं. आपण वरच्या गावात जाऊ."

वरचं गाव नदीच्या वरच्या अंगाला होतं. तिथले व्यापारी पिढ्यानपिढ्या या पेठेवर जळायचे, कारण त्यांच्यापर्यंत मोठं गलबत पोचायचं नाही.

"हिवाळा सरू द्या, भाऊजी," दोरवाली म्हणाली. "गलबतांच्या दोरांचं काम अंगावर घेतलंय. ते अर्धवट टाकून कुठे जायचं? आणि तिथे जाऊन कुणाच्या दारात उभं राहायचं?"

जाऊ म्हणाली, "वहिनी म्हणतात ते बरोबर आहे." सासूबाईंनी नुसती मान हलवली. हळूबाला कुणी विचारलं नाही. दीर एकटा पडला.

भर हिवाळ्यात एका सकाळी नदीला पूर आला. त्याच सकाळी वाऱ्याने समुद्र वर ढकलला. पेठ मधोमध सापडली.

दोरवाली पडवीत उलट पावली चालत होती. म्हणून पाणी तिला दिसलं नाही, आधी टाचांना लागलं. तिने मागे वळून पाहिलं तर दाराच्या फटीतून ते शिस्तीत आत येत होतं, जसं काही बोलावलंय. मग आतला तट फुटल्याचा आवाज झाला आणि शिस्त संपली. हळूबाने आईला खांद्यावर घेतलं आणि तो माळ्यावरून छपरावर चढला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने घाई केली. दोरवालीने नुकताच वळलेला जाड दोर ओढून वर नेला, एक टोक घराच्या तुळईला बांधलं आणि दुसरं दिराच्या कमरेला. तो पोहत, आपटत काटाघरापर्यंत गेला आणि वरच्या खिडकीच्या गजाला त्याने दोर आवळला. त्या दोराला धरून अख्खी गल्ली काटाघरात पोचली. म्हातारे, तान्ही पोरं, एक बकरीसुद्धा. दीर खिडकीखालच्या कठड्यावर छातीभर पाण्यात उभा राहून एकेकाला पुढे सरकवत होता आणि प्रत्येकाच्या मागे आपली बायको आहे का ते बघत होता.

ती सकाळीच धक्क्यावर गेली होती, दोरांची वेटोळी आत घ्यायला. धक्का मुळासकट गेला होता.

दुपार कलली. दोरावर कुणी उरलं नाही. तरी तो तिथेच उभा होता. शेवटी हळूबाने त्याला बखोटीला धरून वर ओढलं.

पाणी ओसरलंच नाही. नदीने आपली वाट बदलली होती, समुद्र आत आला होता, आणि जिथे पेठ होती तिथे आता भरती-ओहोटी चालत होती. पाण्याबाहेर मनोऱ्याचा वरचा भाग दिसायचा आणि ओहोटीला काटाघराच्या छपराची कड. बाकी सपाट.

काटाघर बुडायच्या आत होड्यांनी वाचलेल्या लोकांना समोरच्या टेकडीवर नेलं होतं; तिथे ते मेंढ्यांच्या गोठ्यांत राहिले. ओली लोकर, धूर आणि खोकला. पेठेचा बाजारशेट, म्हणजे बाजाराचा कारभार बघणारा म्हातारा, तोही तिथेच एका कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसलेला असायचा. दीर मात्र थांबला नाही. त्याने वहिनीकडे एकदाच पाहिलं.

"तू म्हणालीस हिवाळा सरू द्या. तो सरायच्या आधीच सगळं सरलं."

तो सरळ वरच्या गावात गेला. तिथल्या वेशीवर हात वर करून त्याने शपथ घेतली की यापुढे मी इथला, आधीचं गाव माझं नाही. ही बातमी आली तेव्हा सासूबाई जेवत होत्या. त्यांनी घास खाली ठेवला, थोड्या वेळाने पुन्हा उचलला.

मग एक दिवस राजाचा कारभारी घोड्यावरून टेकडीवर आला. सोबत वरच्या गावचे दोन व्यापारी होते, जाड कापडाचे अंगरखे घातलेले. कारभारी वाईट माणूस नव्हता. त्याला थंडी वाजत होती आणि काम लवकर उरकायचं होतं.

"तुमची पेठ बुडाली," तो म्हणाला, "त्याचं राजालाही दुःख आहे. पण बाजाराचा हक्क हवेत लटकत ठेवता येत नाही. चौकात सलग तीन बाजार भरले नाहीत तर हक्क मोडतो, हा तुमच्याच पूर्वजांनी मान्य केलेला नियम आहे. दोन चुकले आहेत. तिसरा चुकला की हक्क वरच्या गावाकडे जाईल. तुम्ही तिथे जाऊ शकता. हे लोक तुम्हाला काम देतील."

"कसलं काम?" बाजारशेटने विचारलं.

व्यापाऱ्यांपैकी एकाने घसा साफ केला. "हमाली आहे. घाटावर पुष्कळ ओझी असतात. अर्थात स्वतःच्या नावाने काही विकता येणार नाही."

एक लोहार होता, तो आपल्या हातांकडे बघत राहिला. जिथे तिथे बायका मुलांना जवळ ओढत होत्या. या सगळ्यांचं होत्याचं नव्हतं झालं होतं आणि हमाली तर हमाली, पोटाला मिळेल, असं निम्म्यांच्या मनात आलं असणार.

दोरवाली मागे उभी होती. तिने विचारलं, "बाजार चौकात भरला पाहिजे, एवढंच ना?"

"चौकात पाणी आहे, बाई."

"ते आम्ही पाहिलंय. अगदी जवळून. मी विचारतेय, नियमात चौकात म्हटलंय की जमिनीवर?"

कारभाऱ्याने बाजारशेटकडे पाहिलं. म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि तोंडपाठ असलेला नियम पुटपुटत म्हटला. "काटाघर आणि मनोरा यांच्या मधल्या जागेत... सूर्य वर असेतो... परगावच्या एका तरी माणसाने काही खरेदी करावी..." त्याने डोळे उघडले. त्यांत कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं होतं. "जमिनीचं काही म्हटलेलं नाही."

"मग होड्यांत भरवू," दोरवाली म्हणाली.

व्यापारी हसले. कारभारी हसला नाही, पण त्याने लगाम हातात घेतला. "भरवा. मी येऊन पाहीन. पण परगावचं गिऱ्हाईक लागेल, हे विसरू नका. आपापसात देवाणघेवाण केलीत तर तो बाजार नव्हे, खेळ झाला."

ते गेल्यावर टेकडीवर एकच गलका झाला. कुणी म्हणालं डोकं फिरलंय हिचं. कुणी म्हणालं प्रवाहात होड्या टिकायच्या नाहीत. चौकाच्या जागी दोन्हीकडून पाणी खेचायचं, नदी एका बाजूने, समुद्र दुसऱ्या. होडी सुटली की थेट खोल समुद्रात.

"म्हणूनच बांधायच्या," दोरवाली म्हणाली. "सगळ्या एकमेकींना. आणि सगळ्यांना मिळून मनोऱ्याला."

"दोर कुठेय?"

दोर नव्हता. वाख नव्हता, चाक नव्हतं, पडवी नव्हती. तिने टेकडी पालथी घातली. फाटकी जाळी, शिडाचे तुकडे, मेंढ्या बांधायची दावी, विहिरीचा पोहरा ज्याला बांधतात तो दोर, जे मिळेल ते गोळा केलं. म्हाताऱ्या बायका ते सगळं उसवत बसल्या. बोटं सोलून निघाली. लोहाराने गाडीच्या चाकाला आकडे ठोकून दिले. गोठ्यांमधल्या उतारावर पडवी झाली, वर छप्पर म्हणून आभाळ.

हळूबा चाकापाशी बसला, पण त्याने ते फिरवलं नाही.

"काय झालं?" ती म्हणाली.

"मला हे पटत नाही."

तो स्वतःहून बोलला म्हणून ती थांबली.

"माझा भाऊ गेला," तो म्हणाला. "मेला नाही, पण गेला. धाकटी गेली. आई रात्रभर खोकते. आणि तू त्या पाण्यावर पुन्हा जायचं म्हणतेस. कशासाठी? कांदे विकायला? आपण आत कुठेतरी जाऊ. दोर सगळीकडे लागतात."

"आपल्या नावाने वळू देतील तिथे?"

त्याने चाकावरचा आकडा अंगठ्याने चाचपला.

"दुसऱ्याच्या पडवीत, दुसऱ्याच्या नावाने. तुम्ही चाक फिरवाल आणि कुणीतरी मागून म्हणेल, हळू का, जरा जोरात." तिचा आवाज चढला होता, तो तिने खाली आणला. "ऐका. मी थांबा म्हणाले म्हणून ती गेली. हे मला दर सकाळी उठल्यावर पहिलं आठवतं. आता निघून गेले तर ती नुसती फुकट गेली, आणि मी पळाले. मला पळायचं नाही. तुम्हाला यायचं नसेल तर चाक दुसरं कुणी फिरवेल."

हळूबाने चाक जवळ ओढलं. "दुसरं कुणी फिरवलं तर पीळ वेडावाकडा बसेल," तो म्हणाला आणि त्याने चाक फिरवायला सुरुवात केली.

बाजाराच्या दिवशी आभाळ राखेसारखं होतं आणि वारा बोचरा. पेठेत उरल्या होत्या तेवढ्या सगळ्या होड्या निघाल्या, काही तराफे, एक मोठी कणीक मळायची लाकडी परातसुद्धा, तिच्यात बेकरीवाला बसला होता. मनोऱ्याच्या खिडकीतून मोठा दोर आरपार घालून तिने गाठ मारली, मग तोच दोर पुढे काटाघराच्या छपरापर्यंत नेला, आणि त्याला दोन्ही बाजूंनी होड्या बांधल्या. होड्यांवर फळ्या टाकल्या. चालायला लागलं की सगळा बाजार खालून श्वास घेतल्यासारखा वर-खाली व्हायचा. सुरुवातीला लोक फळ्यांवरून रांगत गेले. नंतर उभे राहिले. नंतर भांडायला लागले की माझी जागा ही, तुझी ती, चौकात मी नेहमी कोपऱ्यावर बसायचो. ते भांडण ऐकून बाजारशेटच्या डोळ्यांत पाणी आलं.

माल म्हणजे काय, तर लाज वाटावी असा. दमट मीठ, धुरावलेले मासे, कांदे, गंजके खिळे, डाग पडलेलं कापड, एक रागीट हंस. सासूबाईंनी ओल्या अंगरख्यांची लोकर उसवून कानटोप्या विणल्या होत्या, त्या मांडून त्या बसल्या होत्या. सगळं होतं. फक्त परगावचं गिऱ्हाईक नव्हतं.

सूर्य वर चढला. कुणी आलं नाही. मग कळलं की वरच्या गावाने नदीच्या वळणावर साखळी टाकून सगळ्या होड्या अडवून धरल्यात, आणि समुद्राच्या बाजूने अशा वाऱ्यात कोण येणार? कारभारी आपल्या होडीत बसून बाजाराभोवती फिरत होता. त्याने कांद्यांकडे पाहिलं, हंसाकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. तो राजाचा माणूस, त्याची खरेदी धरत नाहीत.

दुपारनंतर वरच्या गावची लांब होडी आली. तीत ते दोन व्यापारी होते आणि वल्ही मारणारी दांडगी माणसं. आणि सगळ्यांच्या पुढे, हातात कुऱ्हाड घेऊन, दीर.

"हा मनोरा आता पडायला आलाय," एक व्यापारी ओरडला. "त्याला काही बांधणं धोक्याचं आहे. तुमच्या जिवासाठीच सांगतोय. दोर सोडा, नाहीतर आम्ही सोडतो."

होडी मनोऱ्याला लागली. दीर खिडकीत चढला. दोरवाली त्याच्या आधी तिथे पोचली होती. दोघांच्या मधे तो दोर होता, ताणलेला, पाण्याने काळा झालेला.

"बाजूला हो, वहिनी."

"नाही होणार."

"हे गाव मेलंय. मेलेल्याला ओढत बसू नका. किती जणांना बुडवणार आहेस अजून?"

"भाऊजी," ती म्हणाली, "मी थांबा म्हणाले. तुम्ही निघू म्हणत होता. तुमचं खरं होतं आणि माझं चुकलं, आणि त्यात धाकटी गेली. यावर मी तुमच्याशी कधी वाद घालणार नाही. तुम्हाला मला काय म्हणायचंय ते म्हणा, सगळ्यांसमोर म्हणा. पण या दोराला होड्या आहेत आणि होड्यांत माणसं आहेत. तुम्ही ज्यांना एकेक करून पलीकडे नेलं, तीच सगळी. बघा खाली."

त्याने खाली पाहिलं नाही. त्याने कुऱ्हाड उचलली आणि मारली. एक पेड तुटला. दोर थरथरला, बाजारातून किंकाळ्या उठल्या. दोरवाली मागे सरली नाही. त्याने पुन्हा मारली. दुसरा पेड तुटला आणि सगळा बाजार प्रवाहाच्या दिशेने हातभर सरकला. कांदे पाण्यात पडले. आता एकाच पेडावर सगळं लटकत होतं आणि तो पेड कुरकुरत होता.

तेव्हा हळूबाने आपल्या होडीतून उडी मारून दोर हातांनी धरला. मग लोहाराने. मग कापडवाल्याने, बेकरीवाल्याने, बायकांनी. मनोऱ्याच्या पायरीवर, फळ्यांवर, जिथे उभं राहता आलं तिथे उभे राहून त्यांनी तो दोर पकडून ठेवला, आणि कुणीतरी मागून ओरडलं, "मासे घ्या, मासे! धुरावलेले मासे!" लगेच दुसरा ओरडला, खिळे. तिसरा ओरडला, मीठ. हात दोरावर होते, तोंडं मोकळी होती. सगळा बाजार बोंबलायला लागला.

दीर तिसरा घाव घालायला कुऱ्हाड उचलून उभा होता.

"काय रे," खालून आवाज आला. सासूबाई मनोऱ्याच्या अगदी खाली बांधलेल्या होडीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली होती. "बाजाराला आलायस तर रिकाम्या हाताने उभा काय राहतोस? कान बघ केवढे लाल झालेत. कानटोपी घे."

"आई, तू मधे पडू नकोस."

"मी मधे कुठे पडतेय? मी धंदा करतेय. ही बघ, निळी. बसेल तुला. डोकं तुझ्या बापासारखं मोठं आहे."

त्याच्या होडीतली माणसं हसली. व्यापारी ओरडला, "अरे मार की!"

"माझ्याजवळ द्यायला काही नाही," तो आईला म्हणाला. का म्हणाला त्याचं त्यालाही कळलं नसेल.

"आहे की. ती कुऱ्हाड दे."

तो बघत राहिला. आईचे हात उसवून उसवून चिरलेले होते आणि त्या हातांत ती निळी कानटोपी होती. निळी लोकर त्याने ओळखली. धाकटीच्या अंगरख्याची होती. पुराच्या सकाळी ती तो घरीच ठेवून गेली होती आणि आईने तो अंगावर घेतला होता, की आणखी कसा वाचला होता, हे कुणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. तो खिडकीतच खाली बसला. खाली माणसं दोर धरून उभी होती, त्यांच्या दंडांना पेटके येत होते, आणि ओरडणं चालूच होतं.

मग त्याने वाकून कुऱ्हाड आईच्या होडीत सोडली आणि हात पुढे केला. सासूबाईंनी कानटोपी त्याच्या हातात दिली.

आणि लगेच वळून त्यांनी कारभाऱ्याला असा आवाज दिला की त्यांच्या खोकल्याची गोष्ट खोटी वाटावी. "ओ साहेब! पाहिलंत ना? परगावचं गिऱ्हाईक! यांच्याच वेशीवर हात वर करून शपथ घेतलीय त्याने. विचारा यांना!"

कारभाऱ्याने व्यापाऱ्यांकडे पाहिलं. व्यापाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक म्हणाला, "पण तो तर तिचा मुलगा आहे!"

"मुलगा कुणाचा, हे नियमात नाही," बाजारशेट आपल्या तराफ्यावरून म्हणाला. "गाव कुठलं, एवढंच आहे. तो तुमचा आहे की नाही? नसेल तर सांगा, आम्ही परत घेतो."

व्यापारी पेचात पडले. तो आमचा नाही म्हटलं तर त्यांच्या वेशीवरच्या शपथेला काही अर्थ उरत नव्हता, आणि आमचा म्हटलं तर बाजार भरलेला होता. कारभाऱ्याने सूर्याकडे पाहिलं. तो अजून वर होता.

"बाजार भरला," कारभारी म्हणाला, आणि त्याला हसू आवरलं नाही. जाता जाता त्याने सासूबाईंना विचारलं, "कुऱ्हाड विकायची आहे का?"

"तुम्हाला चालत नाही," त्या म्हणाल्या. "लोहाराला देईन."

संध्याकाळी होड्या टेकडीकडे परतल्या तेव्हा दोर धरलेल्यांची बोटं सरळ होत नव्हती. बायकांनी त्यांना घास भरवले. दीर त्यांच्यात नव्हता. तो वरच्या गावच्या होडीतून परत गेला होता, कानटोपी घालून. निघताना दोरवाली त्याच्या समोर आली होती. तो म्हणाला, "मी तुला माफ केलेलं नाही."

"नका करू," ती म्हणाली.

पुढे तो बाजाराला येत राहिला, परगावचा माणूस म्हणून, काही ना काही घ्यायला. आईशी बोलायचा, भावाशी बोलायचा. वहिनीशी दोराबद्दल बोलायचा, बाकी कशाबद्दल नाही. तो पुन्हा त्यांच्यात राहायला आला नाही.

वरच्या गावाने त्यानंतर खूप खटपट केली. साखळी टाकली, अफवा उठवल्या, राजाकडे गाऱ्हाणी नेली. बाजार भरत राहिला. उन्हाळ्यात दूरची गलबतं आली. त्यांना धक्का दिसला नाही, पण पाण्यावर उभा असलेला बाजार दिसला आणि तांडेलांनी तोंडात बोटं घातली. हळूहळू टेकडीच्या पायथ्याशी नवी घरं उठली, दगड आणायला कष्ट पडले तरी दगडी. दोरवालीला पडवी मिळाली, छप्पर असलेली. वरच्या गावातले काही व्यापारी गुपचूप येऊन जागा विचारायला लागले. तरी आठवड्यातून एकदा सगळे होड्या काढायचे आणि चौकात जायचे. पाऊस असो, थंडी असो. आजारी असलेला माणूसही म्हणायचा, बाजाराला तरी नेऊन बसवा मला.

मग बऱ्याच वर्षांनी एका वादळात मनोरा पडला. तोही नेमका बाजाराच्या आदल्या दिवशी.

सकाळी होड्या निघाल्या तेव्हा समोर नुसतं पाणी होतं, सगळीकडे सारखं. बांधायला काही नाही, बघायला काही नाही. काटाघराची कडही बुडालेली. लोक वल्ही थांबवून एकमेकांकडे बघायला लागले. तरुण पोरांना तर चौक जमिनीवर असलेला आठवतही नव्हता. कुणी म्हणालं जरा उजवीकडे. कुणी म्हणालं नाही, आपण पुढे आलो. वरच्या गावची एक होडी लांब उभी राहून मजा बघत होती.

दोरवालीने एका बारीक दोराला शिशाचं वजन बांधलं आणि पाण्यात सोडलं. चिखल. थोडं पुढे जाऊन पुन्हा सोडलं. पुन्हा चिखल. हळूबा वल्हं मारत होता, त्याच्या नेहमीच्या वेगाने, आणि या वेळी त्याला कुणी घाई केली नाही. ती दोर वर घ्यायची, खाली सोडायची. हात गारठून गेले तेव्हा तिने दोर त्याच्याकडे दिला आणि वल्हं आपण घेतलं.

असा कितीतरी वेळ गेला. मग हळूबाचा हात थांबला. त्याने दोर थोडा उचलला आणि परत सोडला. पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. वजन कशावर तरी आपटत होतं, कठीण, दगडी, आणि तो ठोका दोरातून त्याच्या तळहातापर्यंत येत होता.

"काटाघराचं छप्पर," तो म्हणाला. "इथून डावीकडे चौक."

होडी डावीकडे वल्हवत नेऊन दोरवालीने नांगर टाकला. शेजारच्या होडीने तिच्या होडीला दोर लावला, तिला पुढच्या होडीने, आणि अजून निम्म्या होड्या बांधायच्या राहिल्या होत्या तोवर मागून कुणीतरी कांद्यांचा भाव ओरडायला सुरुवात केली.